काढून टाकलेला टब

दुपारी सव्वाबारा वाजता गवंडी आश्रुबाने बाथरूमच्या नव्या फरशीचा ढाळ तपासायला बादलीभर पाणी ओतलं. तिथे पूर्वी टब होता. खुबा मोडलेल्या वत्सलाबाईंना त्याचा काठ ओलांडता येईना, म्हणून मुलाने, सोसायटीचे चेअरमन अर्जुनरावांनी, तो काढून शॉवर करून घेतला. नवी जागा सोयीची आहे का ते पाहायला वत्सलाबाई शॉवरखाली खुर्चीत बसून होत्या.

पाणी जाळीकडे गेलं नाही. जुन्या टबचा काठ होता तिथपर्यंत पसरलं आणि अडवायला काही नसताना थांबलं. मग चढू लागलं. नळ बंद होता. गावात नऊ दिवस टँकर आला नव्हता.

“अर्जुना, लई गार लागतंय. उचल मला.”

आश्रुबा पुढे झाला. अर्जुनरावांनी त्याचा दंड धरला.

“थांब बे. हिला उचललं अन् पाणी गेलं तर? आदी घागरी आण.”

एक वाजता फाटकाशी रांग लागली. बायका एकेक करून आत येत होत्या. घागर भरून काढली की पाणी आणखी चढत होतं.

“मावशी, हात जरा आवरा,” रांगेतली सत्यभामा म्हणाली. “घागर बुडंना.”

सव्वादोनला रांगेत चाळीस घागरी होत्या. पाणी वत्सलाबाईंच्या हनुवटीला लागलं होतं.