डायनॅमोला झेपतील असे दिवे

यासीन मिस्त्रींनी दिव्यांची जोडी पोत्यातून अलगद बाहेर काढली. ज्या बुटक्या ट्रॅक्टरवर त्यांनी तीस वर्षं पेरूची बाग राखली, तो आता एका रिसॉर्टच्या दारात रंगरंगोटी करून उभा होता, आणि दिवे बसवायला मालकानं त्यांनाच बोलावलं होतं.

"जुना डायनॅमो आहे, साहेब. रेस दिली की उजेड फुलतो, सोडली की मलूल होतो. मोठे बल्ब त्याला झेपायचे नाहीत," मिस्त्री सांगत होते. त्याला सोसतील असे दिवे मिळवायला त्यांनी अख्खा भंगारबाजार पालथा घातला होता.

दिवे बसवून वायर जोडायला त्यांनी बॉनेट उघडलं. आत इंजिनच नव्हतं. त्या जागी एक स्पीकर होता.

"ते धूड केव्हाच विकलं, चाचा. लोकांना काय, फोटोपुरतं लागतं," म्हणत मालकानं भिंतीवरच्या बोर्डात लावलेल्या अडॅप्टरची वायर त्यांच्या हातात दिली.

मिस्त्रींनी ती जोडली. मालकानं बटण दाबलं. दिवे लखकन लागले, स्पीकर इंजिनासारखा धडधडू लागला. मिस्त्रींचा हात आपसूक रेसच्या दांडीवर गेला. त्यांनी ती पूर्ण ओढली, मग पूर्ण सोडली.

उजेड होता तेवढाच राहिला.