बर्फाची लाइन

धाकट्या जावेच्या फ्रिजची पाण्याची लाइन तोडण्यात गौराबाईंचा फायदा एकच होता: सासऱ्यांची दुपारची बैठक खाली येणार. वरच्या मजल्यावर धाकट्या ईश्वरीकडे आपोआप बर्फ करणारा फ्रिज आल्यापासून मामंजी मित्रांसह तिथंच सरबत प्यायचे. जळून गौराबाईंनी तसाच फ्रिज आणवला. प्लंबर म्हणाला, “अक्का, फिल्टरचं पाणी एकाच फ्रिजला पुरतंय. तुमाला जोडलं तर वरचं तोडावं लागंल.” “मग तोडा की. थोरली कोन हाय?” “तोडा भाऊ, अक्कांचा मान पैला,” जिन्यातून ईश्वरी हसत म्हणाली. ते हसणं गौराबाईंना लय खुपलं. दुसऱ्या दुपारी मामंजी झरी गावच्या पाहुण्यांसह खालीच बसले. “गौरा, अजून एकेक गिलास होऊ दे.” लिंबं पिळताना गौराबाईंनी वर कान दिला. ईश्वरी निवांत घोरत होती. बर्फ, साखर, मनगटं सगळं थोरलीचं गेलं. दुपारची झोप धाकटीला मिळाली.