काळी काच

हौसेपायी अंगणात वेल्डिंग करणारा नवरा मास्क चढवून मोबाईलपुढे ठाकला. “मंडळी, काळ्या काचेशिवाय या उजेडाकडे बघायचं नाही. डोळ्यांशी खेळ नको!” मग त्याचं जोडकाम होईपर्यंत बायको उघड्या डोळ्यांनी मोबाईल धरून चित्रण करत राहिली.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. पाणी थांबेना.

“दुसरी काच होती ना? मला का नाही दिली?”

“अगं, तुझ्या हातात देताना ती मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याला चिकटवली होती. नवाकोरा आहे, जळला असता म्हणजे?”

तिने मोबाईलवरची काच ओरबाडून काढली, डोळ्यांपुढे धरली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“यातून तुम्ही अजिबात दिसत नाही,” ती म्हणाली. “डोळ्यांना केवढा आराम पडला!”