दुसरी खेप

"जर्मनमध्ये पदवी घेऊन बोलणार कुणाशी, भिंतींशी?" असं तीन वर्षं ऐकवणाऱ्या बाबांनीच आज फोन तिच्या हातात कोंबला. दादा परदेशात नोकरीला होता, फोन तिथल्या हॉस्पिटलमधून आला होता. पलीकडच्या नर्सला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. आई श्वास रोखून लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

कॉलेजात ऐकण्याच्या परीक्षेला रेकॉर्डिंग दोनदा लावायचे. पहिल्या खेपेला तिच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरायचं नाही. सगळी भिस्त दुसरीवर.

नर्स बोलायची थांबली.

"काय म्हणतेय? कळलं का तुला?" बाबांचा आवाज चिरकला.

"नीट नाही कळलं, बाबा," ती म्हणाली आणि नर्सला पुन्हा सगळं सांगायची विनंती केली.

तीन वर्षांत आजच तिला पहिल्या खेपेत शब्दन् शब्द कळला होता.