पेपरची घडी

परिपाठाला पोरं ओळीत बसली होती. प्रार्थना झाली, सुविचार झाला. बातम्यांची वेळ आली तशी सातवीतली अर्पिता उठून ओट्यावर उभी राहिली. तिचे हात रिकामे होते. आजचा पेपर साहेबराव स्वतः घेऊन येणार होता.

घनसावंगीहून येणारी जीप फाटकापाशी थांबली आणि तो उतरला. काखेत पेपर, हातात पेढ्यांचा पुडा. पेपरचा वार्ताहर होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी शाळेत आला की तो आधी द्वारकाबाईंच्या पायांकडे वाकायचा. लहानपणी याच ओट्यावरून तो बातम्या वाचायचा.

"आली का रे?" बाईंनी विचारलं.

"आली म्हंजे! शेवटच्या पानावर, बाई. रंगीत. अख्खं पाव पान."

मुलींच्या ओळीतून टाळ्या उठल्या.

महिनाभर एकही मुलगी बातम्या वाचायला उठली नव्हती. वाचणारी पेपर दोन्ही हातांनी उघडा धरायची. तिच्यापुढे बातमी असायची आणि बसलेल्यांपुढे मागचं पान. महिन्यापूर्वी एके दिवशी अर्पिता टँकरची बातमी वाचत होती आणि समोरची पोरं फिदीफिदी हसत होती. तिला वाटलं, आपलं वाचायचं चुकलं. तिनं तीच ओळ पुन्हा वाचली. हसू वाढलं. मागच्या पानावर उन्हाळ्याच्या बातमीला जोडून एका नटीचा ओलेता फोटो होता.

"आपल्याकडं टँकर न्हाई, अन् हिला एवढं पानी कुठं सापडलं?" पप्पू ओरडला होता.

"घडी घालून वाचत जा," बाईंनी नंतर सुचवलं.

"आम्ही कामून लपवायचं, बाई? छापलं त्यांनी," अर्पिता म्हणाली. बाईंना ते पटलं.

मग मुलींनीच संपादकांना अर्ज लिहिला. बाईमाणसांचे असले फोटो छापू नका. आम्हाला पेपर उघडा धरून वाचायचा आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. अर्ज साहेबरावनं नेला, मुलींचा फोटोही काढला. "माझा शब्द, बाई. असले फोटो बंद होतेत का न्हाई, बघाच," म्हणाला. बाईंनी मुलींना सांगितलं, साहेबराव माझ्या हाताखाली शिकलाय, तो करील.

आता अर्पितानं पेपर हातात घेतला, उलटा केला आणि शेवटचं पान आपल्याकडे धरलं. मोठ्यानं वाचलं, "या फोटोवर विद्यार्थिनींचा आक्षेप!"

पुढचं न वाचता तिनं पेपर डोळ्यांजवळ नेला.

बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. खाली तीन ओळींची बातमी होती. अर्जातलं एकही वाक्य तिच्यात नव्हतं. शेवटी वाचकांना विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं? वर फोटो होता. तीच नटी, तेच पाणी, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठी. मुली कुठेच नव्हत्या. फोटोच्या दोन्ही कडांना कागद धरलेले दोन अंगठे तेवढे दिसत होते. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

अर्पितानं आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. विळीनं कापलेली जागा आता भरून आली होती.

"पोरी कुठं गेल्या रे?" बाईंनी विचारलं.

"जागा कमी पडली असंल, बाई. मी सगळ्या पोरींचा पाठवल्ता. हापिसातल्या डेस्कवाल्यांनी कापला."

"तो न्हाई हा, काका," अर्पिता म्हणाली. "हा दुसरा. बाकीच्या वर्गात गेल्यावर काढलेला. तुम्ही म्हनले, एकटी थांब, ते पान तोंडापुढं धर. मी म्हनलं, माझं तोंड दिसंना मंग. तर तुम्ही हसले."

साहेबरावनं पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"अगं, कशावर तक्रार हाय ते लोकांना कळाय नको का? सकाळपासून फोन येऊन राह्यलेत. जिल्हाभर गाजलं." तो बाईंकडे वळला. "नाव तर शाळेचंच झालं ना, बाई?"

पेढ्यांचा पुडा कुणी घेतला नाही, तेव्हा त्यानं तो ओट्याच्या कडेला ठेवला.

"बस, बाळ," बाई अर्पिताला म्हणाल्या. तिच्या हातातला पेपर घेऊन त्यांनी साहेबरावपुढे धरला. आवाज रोजच्यासारखाच होता. वर्गात एखाद्याला धडा वाचायला सांगावा तसा.

"आज बातम्या तू वाच. पहिल्या पानापासून. पोरांकडं तोंड करून."

"मी? आता, बाई?"

"वाचायचास की. खणखणीत वाचायचास."

साहेबराव हसला. ओट्यावर चढला. त्यानं पेपर उघडायला दोन्ही हात लांब केले आणि समोर पाहिलं. पोरं पेपरच्या मागच्या बाजूकडे बघत होती. पप्पूसुद्धा हसत नव्हता. मुलींच्या ओळीत अर्पितानं मान खाली घातली होती.

त्यानं हात जवळ घेतले. पान उभं दुमडलं, मग आडवं. शेवटचं पान आत गेलं. उरलेल्या चतकोरातून तो खालमानेनं वाचू लागला, "जालना जिल्ह्यात आज..."

घडी नेटकी पडली होती, एक कोपरासुद्धा बाहेर नव्हता. वाऱ्यानं पान फडफडू नये म्हणून, तो चौथीत असताना, बाईंनीच ती त्याला शिकवली होती.