झाकण

प्रस्तावनेचं शेवटचं पान वाचून खापरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता. जेवणाच्या टेबलावर पुस्तकाची प्रुफं पसरली होती आणि ती न्यायला छापखान्याचा माणूस एव्हाना निघालाही असेल. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सर, म्हणजे त्यांचे पती, शेवटच्या सूचीवरून बोट फिरवत होते. मजेत होते. मजेत असले की ते टेबलाखाली पायाने ताल धरत.

खापरबाई हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलेलं. सर जुन्या लिपी वाचत, बाई फुटकी मडकी वाचत. टेकडीखालचं ते जळालेलं नगर दोघांनी मिळून खणलं होतं, गुडघ्यांनी राम राम म्हणेपर्यंत.

अख्खं पुस्तक एका पाटीवर उभं होतं. भाजलेल्या मातीची, ताटलीएवढी गोल पाटी. नगर जिंकणाऱ्या राजाने विजयाची खूण म्हणून ती तिथेच बसवलेली. वरच्या भागात जगाचं चित्र: गोल पृथ्वी, भोवती पाणी आणि बरोब्बर मधोमध राजाची राजधानी. जिंकलेल्या नगराचा साधा ठिपकाही नाही. खाली मजकूर होता, ‘मी भिंत पाडली. मी आग लावली. माणूस उरला नाही.’

या राजावर सरांची व्याख्यानं रंगत. पृथ्वी कुठे संपते, तर त्याचा घोडा थकला तिथे, असं ते सांगत. मग जरा थांबून म्हणत, सगळी कामं एकट्यानेच केली, बिचाऱ्याला सैन्य नव्हतं वाटतं. सभागृह हसे. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईही हसत, दरवेळी आणि मनापासून. नवरा बोलायला लागला की ऐकत राहावं असाच होता.

आणि आता त्याच माणसाने प्रस्तावनेत लिहिलं होतं, ‘मी हे नगर खणून काढलं. मला पाटी सापडली. तिच्या मागची काजळी पाहताक्षणीच मी ओळखलं, की ही त्या आगीची खूण.’

पाटी बाईंना सापडली होती. जळलेल्या नगराच्या राखेवर पुन्हा उभ्या राहिलेल्या एका घरात, चुलीपाशी, मडक्याच्या तोंडावर. मागची काजळी फक्त कडेने होती. मधला गोल स्वच्छ होता, मडक्याच्या तोंडाएवढा. म्हणजे काजळी चुलीची होती, आगीनंतरही कुणीतरी उरलं होतं. त्या कुणीतरी परत येऊन चूल मांडली आणि राजाचा विजय शिजत्या डाळीवर झाकला. बाईंनी हे तेव्हाच सांगितलं होतं. सरांनी हूं म्हटलं होतं आणि कानामागे टाकलं होतं. पुस्तकाचं नावच ‘माणूस उरला नाही’ असं ठरलं होतं ना.

बाईंना आधी वाईट वाटलं. राग मागाहून आला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्हालाही सैन्य नव्हतं वाटतं?”

सरांचा पाय थांबला. त्यांना कळायला वेळ लागला नाही, तसे ते हुशारच. प्रस्तावना अशीच लिहायची रीत असते, ते म्हणाले, वाचकाला ‘आम्ही आम्ही’ करून गोंधळात कशाला पाडायचं? शिवाय तुझा उल्लेख आहे की. त्यांनी लगबगीने आभाराचं पान काढून दाखवलं. खरंच होता. छायाचित्रकार आणि जीपचा ड्रायव्हर यांच्या खाली, ‘घर सांभाळणाऱ्या पत्नीचेही आभार.’

बाईंनी काजळीचं विचारलं. त्यावर सर सूची चाळू लागले. मुखपृष्ठ छापून झालंय, एवढंच म्हणाले. मग जरा समजुतीच्या सुरात, “एका झाकणासाठी सगळं पुस्तक फिरवू का मी? तू नंतर त्यावर वेगळा लेख लिही. छान होईल.”

बाई उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. आधण उकळेपर्यंत त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या मातीतून माणसं शोधत होत्या, ज्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही अशी. त्यांत आपली भर पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सर कामात असले की चहा गार होऊन जाई, म्हणून कपावर बशी झाकायची सवय बाईंना होती. आजही बशी हातात होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि प्रस्तावनेचं शेवटचं पान कपावर झाकलं.

जरा वेळाने बेल वाजली. सरांनी घाईघाईने पानं गोळा केली, टेबलावर आपटून सारखी केली, आकडे पाहिले. एक पान कमी भरत होतं.

“चहावर आहे,” बाई म्हणाल्या.

सरांनी पान उचललं. वरचा मजकूर जिथल्या तिथे होता. त्यांनी ते उलटलं. मागच्या बाजूला कपाच्या तोंडाएवढा ओला गोल उमटला होता, बाकी कागद कोरडा. बेल पुन्हा वाजली. सर मागची बाजूच बघत राहिले.

“ही कुठल्या आगीची खूण म्हणायची?” बाईंनी विचारलं आणि त्या दार उघडायला गेल्या.