उधळ्याचा टोप

"उधळ्या म्हणजे ज्याचा पैसा एकदा घराबाहेर पडला की परत घराचं तोंड बघत नाही," मेव्हणा म्हणाला. "आता तुम्हीच सांगा जावईबापू, तुम्ही कोण?"

जावई बसचा कंडक्टर होता. बसमध्ये तो सुट्ट्या पैशांवरून अख्खी गाडी थांबवायचा. ड्यूटी संपली की मात्र खिशाला खाज सुटायची. घरात मुका ग्रामोफोन आला, मग भुसा भरलेलं घुबड आलं. बायको महिन्याभरात वस्तू गायब करायची. भंगारात दिली, म्हणायची. घुबड तर त्याने दोनदा आणलं. दुसऱ्यालाही डावा डोळा नव्हता. घुबडं अशीच येत असतील, असं त्याला वाटलं.

आता खोली सोडायची होती. नव्या जागेची अनामत मेव्हण्याने हट्टाने त्याच्याच हाती द्यायला लावली. परीक्षाच होती ती. संध्याकाळपर्यंत पैसे जागामालकाला मिळाले नाहीत, तर बायको आणि लेक मेव्हण्याकडे जाणार होत्या, कायमच्या. बॅगा दारात भरून ठेवल्या होत्या.

बायकोने नोटा लेकीच्या हिरव्या रिबिनीने बांधून दिल्या. "मागच्या गल्लीने जा," ती म्हणाली. "मोठा रस्ता खणलाय." मग ती नेहमीप्रमाणे शिवणक्लासला निघाली. तीन वर्षं क्लास चालू होता आणि घरात अजून एकही रुमाल शिवून झाला नव्हता. पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की विषय घुबडावर यायचा.

मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान होतं. मान वळवायची नाही, असं त्याने ठरवलं. मान वळली.

काचेमागे समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याचा, अख्खं डोकं झाकणारा पितळी टोप होता. परवाच जेवताना तो म्हणाला होता, पाणबुड्याला आतून ऐकू काय येत असेल कोण जाणे. या दुकानाला त्याच्या मनातलं बरोबर कळायचं.

फक्त बघायचं, त्याने स्वतःला बजावलं. मग फक्त हातात घ्यायचं. मग फक्त एकदा घालून बघायचं.

टोप निघेना. नोकराने भिंतीला पाय लावून ओढला. कान आडवे येत होते.

"आता घ्यावाच लागेल, साहेब," नोकर म्हणाला आणि भाव विचारायला मालकांकडे पडद्यामागे गेला. आत कुणीतरी शिंकलं. नोकराने बाहेर येऊन सांगितलेला भाव नेमका अनामतीएवढा होता. कंडक्टरने घासाघीस केली नाही. टोपात स्वतःचाच आवाज घुमत होता, आणि तो ऐकून त्यालाच लाज वाटत होती.

घरी जायला पाऊल उचलेना. तो गल्ल्यांमधून भटकत राहिला. कुत्री आधी भुंकली, मग घाबरून पळाली. एका म्हातारीने त्याला गॅस तपासायला आलेला समजून स्वयंपाकघरात नेलं. तिथला गॅस ठीक आहे असं खुणेने सांगून तो अखेर घराकडे वळला.

पैसे पोचले नाहीत म्हणून जागामालकच घरी येऊन बसला होता. बायकोही नुकतीच आलेली दिसत होती, पदराने नाक पुसत. लेक बॅगेवर बसून होती.

मेव्हण्याने टोपाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "पटलं ना? उचल बॅगा."

कंडक्टरने कबुली दिली. टोपातून नुसतंच घूं घूं बाहेर आलं.

"दादा, बस जरा," बायको म्हणाली. तिने पर्समधून पुडकं काढून जागामालकापुढे ठेवलं. गोल काचेतून कंडक्टरला हिरवी रिबीन दिसली. गाठही तीच होती.

मग ती तेलाची बाटली घेऊन आली, टोपाच्या कडेने तेल सोडलं आणि फक्त पाणबुड्यालाच ऐकू जाईल असं कुजबुजली, "तीन वर्षं झाली मला दुकान टाकून. गिऱ्हाइकाने एकदा तरी घासाघीस करावी की नाही?"